अग्निगोल दिसला, दगड कुठं पडला? कोल्हापूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री आकाशातून लखलखीत लोळ गेला की सकाळी चहाच्या गाड्यावर त्याचे पाच दगड पाच गावांत पडलेले असतात. एक कागलकडं, एक ज्योतिबाच्या मागं, एक सांगणाऱ्याच्या चुलत्याच्या उसात. यातलं कुणी खोटं बोलत नसतं, पण बहुतेक सगळे चुकत असतात. खालची उत्तरं त्या सकाळसाठी आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर "दिसला त्या क्षणी काय करायचं?" एवढं तरी वाचा. बाकीचं नंतर करता येतं, ते येत नाही.

अग्निगोल म्हणजे साधी उल्काच ना?

हो, पण ठळक. शुक्राहून तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. अवकाशातला खडक सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने वातावरणात घुसतो आणि साधारण १०० ते ८० किमी उंचीवर दिसायला लागतो. हा थर कोल्हापूरला अनोळखी नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने याच उंचीवरच्या वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या आहेत. खडकासमोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, खडकाचा पृष्ठभाग वितळून उडत जातो. आपल्याला दिसतो तो प्रकाश या तापलेल्या वायूचा आणि वाफेचा. यातून वाचून जमिनीवर पोचलेला दगड म्हणजे अशनी, किंवा उल्कापाषाण.

तो आमच्या मागच्या शेतातच पडला. डोळ्यांनी बघितलाय. मग?

डोळ्यांनी दिशा बघितली, अंतर नाही. रात्रीच्या आकाशात अंतराचा अंदाज कुणालाच येत नाही. २८ किमी उंचीवर विझलेला अग्निगोल दीडशे किलोमीटरवर असेल तर तुमच्या क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर दिसतो. म्हणजे उसाच्या शेंड्यामागं किंवा समोरच्या टेकाडामागं "उतरलेला".

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. दगड जमिनीवर पडणारच असेल तर त्याचा उजेड २० ते ३० किमी उंचीवर असतानाच जातो. वेग सेकंदाला ३ किमीच्या आसपास आला की पृष्ठभाग वितळणं थांबतं, प्रकाश विझतो आणि उरलेला प्रवास अंधारात होतो. त्यामुळे जळत जळत जमिनीला टेकलेला दगड कुणी पाहिला असेल, तर त्यानं दुसरं काहीतरी पाहिलं किंवा तो प्रकाश फार लांबच्या क्षितिजाखाली गेला.

प्रत्येक अग्निगोलातून दगड पडतो?

नाही. बहुतेकांतून काहीच पडत नाही. आशा धरायची ती तीन गोष्टी जुळल्यावर: आत शिरतानाचा वेग कमी (सेकंदाला २० किमीच्या आतबाहेर), विझण्याची उंची ३५ किमीच्या खाली, आणि मागाहून गडगडाट ऐकू आलेला. ऑगस्टमधल्या ययाती वर्षावाच्या उल्का सेकंदाला ५९ किमीने येतात आणि त्या धूमकेतूच्या भुसभुशीत मालाच्या असतात. त्यांच्या मागं शिवारं तुडवण्यात अर्थ नाही.

दिसला त्या क्षणी काय करायचं?

जागेवरून हलायचं नाही. मोबाइल काढायची धडपड पण नको, तोवर खेळ संपलेला असतो. अग्निगोल बहुतेक वेळा दोन ते दहा सेकंद टिकतो.

तो जिथं विझला ती जागा नजरेत धरून ठेवा आणि तिच्या खाली काय आहे ते बघा: पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, देवळाचा कळस, नारळाचं झाड, शेजाऱ्याच्या गच्चीचा कोपरा. मग पायाखाली खूण करा. खडूनं रेघ मारा, दगड ठेवा, चप्पल काढून ठेवली तरी चालेल. सगळ्या हिशेबात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: तुम्ही नेमके कुठं उभे होता आणि तो कशाच्या वर दिसला. दुसऱ्या दिवशी उपग्रह नकाशावर त्या दोन बिंदूंमधून रेघ ओढली की दिशा अर्ध्या अंशाच्या आत मिळते. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. पत्र्याच्या शेडखाली, गाडीजवळ किंवा लोखंडी रेलिंगला टेकून उभं असलं की ते दहा-वीस अंश सहज फिरतं.

उंचीसाठी हात पुढं ताठ धरा. मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश. आपल्याकडं पडताळा घ्यायला ध्रुवतारा आहेच. कोल्हापुरात तो क्षितिजापासून साधारण १७ अंशांवर असतो, म्हणजे पावणेदोन मुठी. तुमच्या मुठीने दोन किंवा दीड येत असतील तर तुमचं माप त्या हिशेबात दुरुस्त करता येतं. चांदण्या ओळखत असाल तर आणखी उत्तम. "मृगाच्या तीन ताऱ्यांच्या डावीकडून सुरू होऊन व्याधाच्या खाली विझला" हे वाक्य दहा मोजमापांच्या तोडीचं आहे.

मग मनात सेकंद मोजायला लागा. किमान पाच मिनिटं आवाजाची वाट बघा. आवाज आला तर किती सेकंदांनी आला ते लिहा. तुकडे पडताना दिसले का, मध्ये भडका उडाला का, हेही लिहा. रंग हिरवा होता की निळा, यावर लोक फार बोलतात, पण जागा शोधायला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

हे सगळं त्याच रात्री, कुणाशी चर्चा करण्याआधी कागदावर. ग्रुपवर दोघांनी "पन्हाळ्याकडं गेला" लिहिलं की तिसऱ्याची आठवणसुद्धा पन्हाळ्याकडं वळते.

मोठा झगमगाट झाला तर खिडकीत जाऊन बघू का?

नको. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा खडक फुटला. उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि दीड-दोन मिनिटांनी आघात-लहर पोचली. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. तसा प्रसंग दुर्मीळ आहे. तरी दिवसासारखा उजेड पडला तर काचेपासून लांब राहा.

एकाच माणसाने पाहिलं असेल तर जागा काढता येते?

नाही. एका ठिकाणाहून मिळते ती फक्त एक सपाट पातळी: तुमचा डोळा आणि आकाशातली ती तेजस्वी रेघ ज्यात मावतात ती. अग्निगोल या पातळीत कुठंही असू शकतो, २० किमीवर किंवा २०० किमीवर. दुसऱ्या गावातल्या माणसाची पातळी वेगळी. या दोन पातळ्या जिथं एकमेकींना छेदतात ती रेषा म्हणजे अग्निगोलाचा खरा मार्ग. तिसरं, चौथं ठिकाण मिळालं की चूक कुणाची आहे तेही कळतं.

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत बघू. रंकाळ्यावर उभ्या असलेल्याला विझण्याची जागा दक्षिणेच्या थोडी पूर्वेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास १६७ अंशांवर, २८ अंश उंचीला दिसली. मिरजेतल्या माणसाला तीच जागा २०६ अंशांवर, २१ अंश उंचीला. नकाशावर दोन रेघा ओढा, त्या गडहिंग्लजच्या आसपास मिळतात. रंकाळ्यापासून ते अंतर सुमारे ५३ किमी, मिरजेपासून ७३. आता उंची: ५३ किमीवर २८ अंश म्हणजे सुमारे २८ किमी, आणि ७३ किमीवर २१ अंश म्हणजेही २८ किमी. दोन्हीकडून आलेली उंची जुळली, म्हणजे दोघांनी एकच गोष्ट पाहिली आणि नीट पाहिली. एक २८ आणि दुसरी ४५ आली असती तर आधी साक्षीदारांकडं परत जायचं, शेतात नाही.

दोन ठिकाणं एकमेकांच्या फार जवळ नकोत. रंकाळा आणि राजारामपुरी यांच्या रेघा जवळपास समांतरच जातात, छेद मिळत नाही. कोल्हापूर-मिरज चालतं. कोल्हापूर-बेळगाव किंवा कोल्हापूर-सातारा, म्हणजे शंभरेक किलोमीटर, आणखी चांगलं. आणि चुकीचा भाव लक्षात ठेवा: १०० किमी अंतरावर १ अंशाची चूक म्हणजे जमिनीवर पावणेदोन किलोमीटर. तेवढ्यात एक अख्खं गाव मावतं.

आमच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत आलाय. काय करू?

आधी ते चित्रण पुसलं जाण्यापासून वाचवा. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, जुन्यावर नवं लिहीत जातो, काही ठिकाणी पंधरवड्यात, काही ठिकाणी त्याहून लवकर. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंग हा शेवटचा पर्याय. व्हॉट्सअॅपवरून पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन बारीक तपशील जातो.

मग डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं इंटरनेटवरून जुळवलेलं घड्याळ एकाच फोटोत घ्या. दुकानांतली घड्याळं सर्रास पाच-दहा मिनिटं पुढंमागं असतात. फरक माहीत असला की अडचण नाही.

कॅमेऱ्याला हात लावू नका. उत्साहाच्या भरात काच पुसणारे लोक असतात आणि तेवढ्या धक्क्याने कोन बदलतो. हा कॅमेरा आता मोजमापाचं यंत्र झाला आहे. पुढच्या निरभ्र रात्री त्याच चौकटीत चंद्र, गुरू, शुक्र किंवा ठळक तारे यायची वाट बघायची. त्यांची जागा कोणत्याही क्षणाला अचूक माहीत असते, त्यावरून चौकटीतला प्रत्येक बिंदू आकाशात कुठं येतो ते बसवता येतं. कॅमेऱ्यात तारे उमटत नसतील तर त्याच्या भिंगाशेजारी मोबाइल धरून रात्रीचा फोटो घ्या, ज्यात तारेही येतील आणि समोरच्या इमारतींचे कोपरेही.

कॅमेरा जमिनीकडं वळलेला आहे आणि नुसता उजेड दिसला, असं असेल तरी चित्रण टाकू नका. खांबाची, गाडीची सावली रस्त्यावर सरकताना दिसते. खांबाची उंची आणि सावलीची लांबी मोजली की उजेड कुठून कुठं गेला ते निघतं. चेल्याबिन्स्कच्या वेळी कोलंबियातल्या संशोधकांनी एका चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्यांवरून मार्ग आणि कक्षा काढली होती. महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानाचा कॅमेरा याच कामाला येऊ शकतो. पुणे-बंगळूर महामार्गावरचे टोलनाके, पेट्रोल पंप, बसमधले डॅशकॅम, सगळ्यांकडं विचारा. विचारायची पद्धत महत्त्वाची. "फुटेज द्या" म्हटलं की लोकांना पोलिसांची भानगड वाटते. "उल्का दिसलीय का बघूया" म्हणा, दुकानदार स्वतःच खुर्ची ओढून बसतो.

गडगडाट ऐकू आला, त्यावरून काय कळतं?

दोन गोष्टी. एक, खडक खोलवर, दाट हवेत शिरला होता. म्हणजे दगड पडण्याची शक्यता वाढली. दोन, अंतर. आवाज वरच्या थंड हवेत सेकंदाला साधारण ३०० मीटरने येतो. वरच्या उदाहरणात गडहिंग्लजच्या लोकांना तो दीडएक मिनिटाने ऐकू येईल, रंकाळ्यावर तीन मिनिटांहून थोडा उशिरा. प्रकाशाबरोबरच धडाम झालं, असं कुणी ठामपणे सांगत असेल तर तो शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा असण्याची शक्यता जास्त.

मार्ग मिळाला. मग त्याच रेषेत पुढं जाऊन दगड उचलायचा?

एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. उजेड विझल्यावर दगड पुढं थोडा सरकतो आणि मग जवळपास सरळ खाली पडतो, आणि या पडण्यात वारा त्याला ढकलत नेतो. एक किलोचा दगड २८ किमीवरून यायला साधारण चार मिनिटं घेतो, दहा ग्रॅमचा खडा त्याच्या दुप्पट. शेवटी किलोभराचा दगड ताशी दोनशेएक किमीने आपटतो, खडा त्याच्या निम्म्याने. वाटेत सरासरी सेकंदाला २० मीटरचा वारा असेल तर मोठा दगड पाचेक किमी बाजूला जातो आणि खडा दहाच्या आसपास. म्हणून तुकडे एका ठिपक्यात न पडता लांबट पट्ट्यात पडतात: जड तुकडे मार्गाच्या पुढच्या टोकाला, हलके मागं आणि वाऱ्याच्या दिशेला कलून.

वाऱ्याची माहिती हवामान खात्याच्या फुग्यांवरून मिळते. ते गोवा, मुंबई अशा केंद्रांवरून सोडले जातात, जगभर ठरलेल्या वेळांना, म्हणजे आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. आपल्या भागातली मेख अशी की पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून येतो आणि १४ ते १६ किमी उंचीवर पूर्वेकडून जोरदार झोत वाहत असतो. वर एकीकडं, खाली दुसरीकडं. जमिनीवरच्या झाडांची डोलणारी फांदी बघून दिशा ठरवणाऱ्याने उलट बाजूचं शिवार धुंडाळलं, असं होऊ शकतं. प्रत्येक उंचीचा वारा वेगळा धरूनच हिशेब करावा लागतो.

डॉप्लर हवामान रडार कधीकधी पडणारे तुकडेच पकडतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सटर्स मिल इथं २२ एप्रिल २०१२ रोजी पडलेल्या अशनीचा पट्टा तशा रडारवरूनच मिळाला. आपल्याला जवळचं म्हणजे गोव्याचं रडार. त्याच्या नोंदी बघायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका.

हे सगळं कागदावर छान आहे. खरंच कधी सापडलंय का?

सापडलंय, आणि त्यातल्या काही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

७ एप्रिल १९५९ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात प्रझिब्राम गावाजवळ अग्निगोल दिसला. उल्कांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी तो दोन ठिकाणांहून टिपला. खगोलशास्त्रज्ञ झ्डेनेक त्सेप्लेखा यांनी त्यावरून मार्ग काढला, दगड सापडले, आणि छायाचित्रांवरून कक्षा निघालेला तो जगातला पहिला अशनी ठरला. कक्षेचं दुसरं टोक लघुग्रहांच्या पट्ट्यात होतं. दगड हातात आणि त्याचा पत्ताही हातात, असं तोवर कधी झालं नव्हतं.

पुढं ६ एप्रिल २००२ रोजी जर्मनीत नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्याजवळ एक अशनी पडला आणि त्याची कक्षा प्रझिब्रामच्या कक्षेशी जवळपास तंतोतंत जुळली. भावंडं असणार असं वाटलं. दगड तपासले तर दोन पूर्ण वेगळ्या जातींचे निघाले! नॉयश्वानस्टाइनचा एक तुकडा काही महिन्यांत सापडला, बाकीचे दोन पुढच्या वर्षी, डोंगराळ भागात, वर्तवलेल्या पट्ट्यातच. आपल्या आजरा-चंदगडच्या रानात शोधणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावं.

ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉर वाळवंटात २००७ साली पडलेला बनबरा रॉकहोल हा अशनी कॅमेऱ्यांवरून वर्तवलेल्या रेषेपासून सुमारे १०० मीटरवर मिळाला. सपाट, उघडं, फिकट जमिनीचं रान. हेवा वाटतो.

सुदानची गोष्ट तर उलटी. ६ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा लघुग्रह दुर्बिणीतून आधी दिसला आणि दुसऱ्या दिवशी नुबियन वाळवंटावर फुटला. खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रांगा करून वाळवंट पायाखाली घातलं आणि तुकडे गोळा केले. शोधाचं मुख्य हत्यार त्यांची पावलं होती.

भारतात गुजरातमधल्या धजाला इथं २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री अशनी पडला, तेव्हा कॅमेऱ्यांचं जाळं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांच्या सांगण्यावरून शास्त्रज्ञांनी मार्ग आणि कक्षेचा अंदाज बांधला. म्हणून वर साक्षीवर इतका जोर दिला आहे.

आपल्या महाराष्ट्रात काही?

लोणारचं विवर सर्वांना माहीत आहे, १.८ किमी व्यासाचं, पण ती फार जुनी घटना. अलीकडचं म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं काटोल, २२ मे २०१२, भर दुपारी. घरांच्या आसपास आणि शेतांत तुकडे मिळाले.

आणि चंद्रपूर. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत जाणारे तुकडे दिसले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. ते रॉकेटचे अवशेष होते. ओळखायची खूण अशी: अवकाशातला कचरा सेकंदाला पावणेआठ किमीच्या आसपास, म्हणजे उल्केच्या मानाने रेंगाळत, बराच वेळ, क्षितिजाला जवळपास समांतर जातो. उल्का इतकी सवड देत नाही.

शोधायला कधी आणि कुठं जायचं?

कोल्हापूरचं रान अशनी शोधायला गैरसोयीचं आहे, हे आधीच मान्य करू. काळा दगड काळ्या जमिनीत शोधायचा, तोही उसात.

पट्टा शिरोळ, हातकणंगले, कागल या बाजूला आला तर ऊस ही मुख्य अडचण. उभ्या फडात काही दिसत नाही आणि तिथं सापही असतात. तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च. तोडणी झाल्यावर आणि रोटाव्हेटर फिरायच्या आधी जे थोडे दिवस मिळतात, तीच संधी. पाचट पेटवलं तर आणखी घोटाळा, कारण साधे दगडही काजळीने काळे होतात. अशा शेतात ओल्या फडक्याने पुसून बघायचं: काजळी निघते, अशनीचं कवच निघत नाही. आपल्याला फडात फिरण्यापेक्षा ऊसतोड टोळ्यांना अशनीचे फोटो दाखवणं जास्त फळतं. शेताचा एकेक बुडखा त्यांच्या हाताखालून जातो आणि उपरा दगड कोयत्याला लागला की त्यांना लगेच कळतो.

पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी म्हणजे जंगल. वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. दाजीपूरच्या गव्यांना विज्ञानाचं कौतुक नसतं. मसाई पठारासारखी उघडी पठारं चालायला बरी, पण तिथला जांभा दगडच काळपट-तांबडा, डोळा फसवणारा. भाताची खाचरं उन्हाळ्यात कोरडी पडल्यावर मात्र उत्तम, कारण खाचरात दगड सहसा नसतोच.

शेतांआधी छपरं बघा. फुटलेलं कौल, पोचा आलेला पत्रा, तडकलेलं सोलर पॅनेल, अंगणातला नवा खळगा. २८ फेब्रुवारी २०२१ ला इंग्लंडमधल्या विंचकम गावात अशनी एका घरासमोरच्या गाडीवाटेवर पडला आणि घरच्यांनी सकाळी तो गोळा करून ठेवला. मोठ्या विवराची अपेक्षा ठेवू नका. किलोभराचा दगड मऊ रानात वीतभर खोल भोक पाडतो, कडक माळावर तेही नाही.

माणसं पाच-सात पावलांवर एका ओळीत उभी करून सावकाश चाला. आणि ज्याचं रान आहे त्याला आधी सांगा. नुसतं कळवू नका, बरोबर घ्या. आपल्या बांधावरचा कुठला दगड कालचा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

घाई दोन कारणांनी. पाऊस लागला की आतलं लोखंड गंजायला लागतं. आणि अवकाशात तयार झालेले काही किरणोत्सारी अणू लवकर संपतात. सोडियम-२४ चं अर्धायुष्य अवघं १५ तास आहे. ताज्या दगडातून जे कळतं ते महिन्यानंतरच्या दगडातून कळत नाही.

हा दगड अशनीच आहे, कसं ओळखू?

इथं लोकांचा सर्वाधिक हिरमोड होतो, कारण आपल्या भागात खोट्या अशनींचं पीक मोठं आहे.

पहिला मान फाउंड्रीच्या स्लॅगचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, सगळीकडं ओतकाम. भट्टीतून निघालेली ही मळ काळी, जड, वितळलेल्या रूपाची असते आणि भरावातून, रस्त्यांतून कुठंही पोचलेली असते. फोडली की आत बुडबुड्यांची भोकं किंवा काचेसारखी चमक दिसते. अशनीत बुडबुडे जवळजवळ कधीच नसतात. भोकं दिसली की विषय तिथंच संपवा.

दुसरा आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. यातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. त्यात लोहाचं खनिज असल्यामुळे चुंबकही थोडा ओढतो आणि तिथं लोक फसतात. तिसरा जांभा आणि लोहयुक्त खडे. पॉलिश नसलेल्या फरशीच्या मागच्या बाजूवर घासून बघा, तांबडी किंवा गडद काळी रेघ उमटली तर तो बहुधा पृथ्वीवरचाच.

खऱ्या ताज्या अशनीवर मिलीमीटरभर जाडीचं काळं, मंद किंवा किंचित चकचकीत कवच असतं. कडा बोथट. काहींवर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे. कवच कुठं उडालं असेल तर आत फिकट राखाडी रंग, त्यात धातूचे चमकते कण आणि बऱ्याचदा बारीक गोल दाणे. बाहेर काळा आणि आत फिकट, ही जोडी बघायची.

चुंबक लावून बघितलं तर चालेल ना?

दोऱ्याला बांधलेला छोटासा चुंबक, दुरूनच. जोरदार चुंबक चिकटवला तर दगडातल्या प्राचीन चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. आणि चुंबक ओढला नाही म्हणून दगड टाकूनही देऊ नका. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये दियोदर परिसरात पडलेला अशनी ऑब्राइट या दुर्मीळ, लोह कमी असलेल्या जातीचा होता.

पडलेला दगड तापलेला असतो का? आग लागते?

नाही. वरचं वितळणं काही सेकंदांचं, आतला गाभा थंडच, आणि मग काही मिनिटं गार हवेतून घसरण. गवताची गंजी पेटली असेल तर कारण दुसरीकडं शोधा.

सापडला! आता?

हात लावायच्या आधी फोटो: एक लांबून परिसरासह, एक जवळून शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. मोबाइलवर अक्षांश-रेखांश लिहून घ्या. मग स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलने उचलून कोरड्या, नव्या पिशवीत. धुवायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, तेल तर अजिबात नाही. श्रद्धेला विरोध नाही, पण कार्बनयुक्त अशनीतले सेंद्रिय रेणू शोधायचे असतील तर खोबरेल तेलाचे रेणू मध्ये नकोत. फोडून वाटून घेऊ नका.

तलाठी किंवा तहसीलदारांना कळवून पंचनामा करून घ्या, म्हणजे जागा आणि वेळ कागदावर येते. देशातल्या अशनींचा संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळतं, आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा त्यांचा अभ्यास करते. मधला दुवा म्हणून जवळच्या महाविद्यालयाचा भूगर्भशास्त्र किंवा विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग सोयीचा.

विकला तर किती मिळतील?

हा प्रश्न विचारणाऱ्याकडं "नासा घेणार आहे" म्हणणारा माणूस बहुधा आधीच येऊन गेलेला असतो. तांदूळ ओढणाऱ्या धातूच्या, म्हणजे राइस पुलरच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीचाच हा चुलत भाऊ. तपासणीसाठी आगाऊ पैसे मागितले की उठून निघा.

गच्चीवर कॅमेरा बसवायचा आहे. कोणता?

आकाशाकडं रोखलेला, अंधारात चांगलं दिसणारा साधा सुरक्षा कॅमेरा, त्याला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ग्लोबल मीटिओर नेटवर्कची मोफत प्रणाली. ती तारे बघून स्वतःचा कोन स्वतः बसवते आणि उल्का आपोआप वेगळ्या काढते. घड्याळ इंटरनेटवरून जुळलेलं हवं, वीज जाते म्हणून छोटा यूपीएस हवा. पावसाळ्यात ढगांमुळे काम जवळजवळ बंदच, त्या दिवसांत भिंगावर बुरशी चढणार नाही एवढं बघा.

पण शहरात दहा कॅमेरे लावण्यापेक्षा एक इथं, एक बेळगावकडं आणि एक साताऱ्याकडं, एकाच आकाशाकडं तोंड करून, हे कितीतरी उपयोगी. गारगोटी किंवा आजऱ्यात कुणी पाहुणे असतील आणि त्यांच्या गच्चीवर अंधार असेल, तर कॅमेरा तिकडं द्या.

कॅमेरा नाही, नुसतं पाहिलं. कळवायचं कुठं?

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद करायचा अर्ज आहे. दुसऱ्या राज्यातल्या कुणी तोच पाहिला असेल तर नोंदी तिथं जोडल्या जातात. आपल्या सीमाभागात हे महत्त्वाचं, कारण निपाणी-चिकोडीकडचे साक्षीदार आपल्या ग्रुपवर नसतात.

अशनीला सापडणाऱ्याचं नाव देतात का?

नाही, जवळच्या ठिकाणाचं. काटोल, धजाला, दियोदर ही सगळी गावांची किंवा परिसराची नावं आहेत. नाव आंतरराष्ट्रीय मीटिओरिटिकल सोसायटीची समिती मंजूर करते. दगड दोन गावांच्या शिवेवर पडला तर वाद होणार हे उघड आहे, म्हणून अक्षांश-रेखांश उचलण्याआधीच घ्या, आणि दोन्ही गावांच्या माणसांसमोर घ्या.